शाई पुसली, आतां पुढें काय?

2024 सालची लोकसभेची निवडणूक 19 एप्रिलला सुरू झाली ती 1 जूनला संपली. सात टप्पे, 44 दिवस! तेवढे दिवस आम्ही मतदार राजे होतों. पांच वर्षांत ज्यांनीं आमची वेस पाहिली नाहीं, ते आमच्या म्हाताऱ्या आईच्या पायां पडून गेले. 4 जूनला मोजणी झाली, गुलाल उधळला, आणि दुसऱ्या दिवशीं राजाची पुन्हां रयत झाली.

मीं दोन तास उन्हांत उभें राहून मत दिलें. माझ्यापुढें एक मजूर बाई होती. “बाई, रोज बुडाला ना?” असें विचारतां ती म्हणाली, “बुडूं द्या, दादा. एरवीं आम्हांला कोण पुसतं? आज सायेब नांव वाचून बोलावतो.”

आतां शहाण्यांचें पाहा. दक्षिण मुंबईत जेमतेम 50 टक्के मतदान झालें. जंगलांतल्या गडचिरोली-चिमूरला सुमारें 72 टक्के. कोणी म्हणतील, ऊन फार होतें. मग गडचिरोलींत काय चांदणें पडलें होतें? घरीं बसून देशाला नांवें ठेवणाऱ्यांनीं याचें उत्तर द्यावें.

पण दुसऱ्याला बोल लावून आमचें पाप झांकत नाहीं. आमच्यांतलेच कित्येक नोट घेऊन मत देतात. पांचशें रुपयांत पांच वर्षें विकणाऱ्यानें हिशेब करावा : दिवसाला सुमारें 27 पैसे पडतात! इतक्या मोलानें कोणता सालगडी राबेल?

बंधूंनो, हें मत फुकट आलेलें नाहीं. इंग्रजी अमलांत सारा, मालमत्ता व शिक्षण पाहून मताचा हक्क मिळे. भूमिहीन व निरक्षर बहुतेक बाहेरच. 1928 सालीं सायमन कमिशनपुढें डॉ. आंबेडकरांनीं सर्व प्रौढांसाठीं मत मागितलें. 1950 सालीं अंमलांत आलेल्या घटनेच्या 326 व्या कलमानें तें मिळालें. ज्या हक्कासाठीं आपल्या वडिलांना दाराबाहेर उभें राहावें लागलें, तो आपण मटणाच्या ताटावर उधळावा काय?

मताची धास्ती काय करते तेंही पाहा. कांद्याची निर्यात डिसेंबर 2023 मध्यें बंद झाली. नाशकाचें मतदान 20 मेला, आणि बंदी उठली 4 मे 2024 ला! हा योगायोग म्हणावयाचा असेल त्यानें खुशाल म्हणावा. आम्ही म्हणतों, शेतकऱ्याचें गाऱ्हाणें सरकारला मतदानाच्या तोंडावरच ऐकूं येतें.

म्हणून बोटाची शाई पुसली तरी काम संपलें असें समजूं नका. निवडून दिलेल्याला दर सहा महिन्यांनीं चावडीवर बोलवा. पाणी, शाळा, दवाखाना, शेतमालाचा भाव यांचा तारीखवार जबाब मागा आणि वहींत लिहून ठेवा. पुढच्या खेपेस तो हात जोडून आला कीं तीच वही त्याच्यापुढें उघडा. मालकानें हिशेब मागितला नाहीं तर चाकर मालक होतो, आणि दोष चाकराचा नसतो!