बाहुलीला रंगाशीही देणेघेणे असते



लक्स सारखे असतील तर पिवळा सोडियम दिवा काय नि पांढरा एलईडी काय, डोळ्याची बाहुली तेवढीच आकसणार, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी ठामपणे लिहिले आहे. ते बरोबर नाही. लक्समापक ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक वजन देतो; बाहुलीचा हिशेब निळ्याकडे झुकलेला असतो.

त्याचे कारण दृष्टिपटलातल्या मेलॅनॉप्सिन असलेल्या पेशी. त्यांची संवेदनशीलता ४८० नॅनोमीटरच्या जवळपास टिपेला पोचते. प्रखर निळा प्रकाश बंद झाल्यावरही बाहुली काही काळ आकसलेलीच राहते, तांबड्यानंतर मात्र चटकन मोकळी होते. संशोधक क्लाइड कीलर यांना १९२० च्या दशकात आंधळ्या उंदरांच्या बाहुल्या उजेडात आकसताना दिसल्या होत्या. त्याचा उलगडा व्हायला पाऊण शतक लागले. (शाळेत आपल्याला अजून शंकू नि दंडपेशींवरच बोळवतात!) मंद उजेडात मेलॅनॉप्सिनच्या पेशींपेक्षा दंडपेशींचा वाटा मोठा, पण त्याही निळ्या-हिरव्यालाच अधिक जागतात. बहुतेक पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचे शिखर असते, सोडियमच्या दिव्यात निळे अगदी थोडे. मग लक्स सारखे दाखवून काय साधले?

बाहुली आकसली म्हणजे डोळ्याला इजा झाली, हे पत्रलेखकांचे दुसरे विधानही पटले नाही. बाहुली साधारण दोन ते आठ मिलिमीटरच्या दरम्यान लहानमोठी होतच असते, वयानुसार एकंदर लहान होत जाते, आणि लहान बाहुलीतून प्रतिमा बहुधा अधिक रेखीव पडते.

एक वाचक, सांगली