केळशीची वाळू आणि ‘अस्पर्श’ हे विशेषण

सोलापुरात समुद्र पुस्तकांतून येतो. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) शिकता-शिकवताना दापोली तालुका आम्हांला जवळजवळ पाठ झाला होता. काळ्या मातीतून निघून आम्ही केळशीला गेलो, ते एखाद्या संहितेची मूळ प्रत पाहावी तसे. सोबत प्रवासवर्णनांनी दिलेले एक विशेषण होते : अस्पर्श.

भारजा नदीच्या मुखाशी केळशीची वाळूची टेकडी आहे. दुरून पाहणाऱ्यास ती केवळ वाऱ्याचे काम वाटते. परंतु पुलाच्या रस्त्यासाठी ती जिथे कापली गेली, त्या कापात खापरे, कोळसा, हाडे मिळाली. आणि सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या त्सुनामीने ती उभी केली असावी, असा सिद्धान्त डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी मांडला. सिद्धान्ताविषयी मतभेद असोत. ज्या घावाने पुरावा उघडा पडला त्याच घावाने तो नष्टही होऊ लागला, ही गोष्ट आम्हांला अधिक अस्वस्थ करते. निसर्ग म्हणून जे पाहायला जावे, त्याच्या पोटात कुणाची तरी चूल निघते!

गावात घुमटांचे महालक्ष्मीचे देऊळ आहे, याकूबबाबांचा दर्गा आहे, चिऱ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या पाखाड्या आहेत. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने या पट्ट्यातील नारळी-पोफळी आडव्या केल्या. (वादळाला हे नाव देणाऱ्यांच्या कल्पकतेला काय म्हणावे!) ‘किती शांत आहे हो इथे,’ असे आम्ही उतरलो त्या घरच्या काकूंना म्हटले. ‘शांत कसलं? पोरं सगळी मुंबईला,’ त्या म्हणाल्या, आणि सोलं वाळत घालायला निघून गेल्या.

प्रादेशिक कादंबरीवरच्या आमच्या प्रबंधांतून ‘निसर्गचित्रण’ असे एक स्वतंत्र प्रकरण असते. माणसे पुढच्या प्रकरणात. ही विभागणी आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो आणि विद्यार्थ्यांकडून करवून घेतली. केळशीत ती टिकत नाही. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना सर्वांत संवेदनशील वर्गात घातले, ते योग्यच झाले. पण ही टेकडी राखायची ती दफ्तरखाना म्हणूनही राखावी लागेल, आणि दफ्तरावर पाय देऊन कोणी वाचत नाही. म्हणून तिच्यावर पर्यटकांनी चढूच नये, असे आमचे आता स्पष्ट मत आहे.

आम्ही मात्र चढलो होतो. उतरताना घसरलोही, आणि हसलो.