जुनी दुखापत आणि नवी सायकल

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत मुळशी-मावळच्या रस्त्यांवरून गेली आणि वाकड्या हँडलाची, बारीक टायरची रोड सायकल आपल्या भागातील अनेकांनी प्रथमच इतक्या जवळून पाहिली. पाहिल्यावर घ्यावीशी वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र चाळिशी-पन्नाशीतील कित्येक वाचकांच्या मनात या इच्छेपाठोपाठ एक शंकाही उभी राहते. वीस वर्षांपूर्वी प्रेसवर काम करताना मनगट दुखावलेले असते, जड सुटे भाग उचलताना कंबर धरलेली असते, किंवा चाकण रस्त्यावर दुचाकी घसरून गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असते. अशा शरीराला ही सायकल मानवेल का?

बहुतेकांना मानवते. अट एकच, की सायकल निवडताना दुखापतीचा विचार शेवटी न करता सर्वांत आधी करावा.

पिंपरी-चिंचवडला सायकल नवी नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे कारखाने उभे राहिले आणि कामगारांची एक अख्खी पिढी हँडलाला डबा अडकवून सायकलवरून पाळीला गेली. त्या काळ्या, उंच हँडलाच्या सायकलीवर माणूस ताठ बसत असे. रोड सायकल मात्र त्याला पुढे वाकविते. शरीराचा काही भार तळहातांवर येतो, कंबर गोलावते, समोरचे पाहण्यासाठी मान वर उचलावी लागते आणि गुडघा मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा दुमडतो. त्यामुळे ‘आरामदायी सायकल’ म्हणजे मऊ गादीची सायकल, ही समजूत सोडून द्यावी. ज्या सायकलीवर बसल्यावर भार आणि वाक आपल्या दुखऱ्या जागेवर येत नाहीत, ती आपल्यापुरती आरामदायी.

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना तीन प्रश्न विचारावेत. माझा सांधा किती वाकतो? त्याने किती भार घ्यावा? आणि कोणते लक्षण दिसताच मी थांबावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंशांत मागावे. पायडल पूर्ण फिरविण्यासाठी गुडघा साधारणतः ११० अंशांपर्यंत दुमडावा लागतो. तो तेवढा दुमडत नसेल, तर कितीही किमती सायकल घेतली तरी प्रत्येक फेरीत पायडल वर येताना सांधा अडखळेल. हे आधी ठाऊक असले, तर त्यावर उपाय आहे. क्रँक, म्हणजे पायडल ज्या दांड्याला जोडलेले असते तो दांडा, बहुधा १७० ते १७५ मिलिमीटर लांबीचा असतो. १६५ मिलिमीटरचा किंवा त्याहून आखूड क्रँक लावला, की वर्तुळ लहान होते आणि गुडघा व खुबा दोन्ही कमी दुमडतात.

गुडघ्याच्या दृष्टीने याहूनही मोठा प्रश्न सीटच्या उंचीचा आहे. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, म्हणून आपल्याकडे सीट फार खाली ठेवण्याची सवय आहे. त्यामुळे गुडघा सतत अधिक दुमडलेला राहतो आणि वाटीच्या मागे दाब वाढतो. उलट सीट फार वर असेल, तर गुडघ्यामागची शीर ताणली जाते आणि कंबर डावी-उजवीकडे हेलकावते. पायडल अगदी खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा, हा सर्वमान्य संकेत आहे. घरच्या घरी तपासण्याची रीत सोपी आहे. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे आणि टाच पायडलवर ठेवावी. पायडल तळाशी असताना पाय नुकताच सरळ होत असेल, तर नेहमीप्रमाणे चवडा ठेवल्यावर योग्य वाक आपोआप येतो.

या मापाचे एक सूत्रही प्रसिद्ध आहे. पायांच्या आतील बाजूची, जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी ०.८८३ ने गुणावी. येणारा आकडा म्हणजे क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. लांबी ८० सेंटिमीटर असेल, तर हे अंतर ७०.६ सेंटिमीटर येते. अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे हे सूत्र लोकप्रिय झाले. १९८७ मध्ये शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांच्या शरीरात बंदुकीचे छर्रे घुसले. त्यांपैकी काही छर्रे कायमचे आतच राहिले. तरीही १९८९ ची ‘टूर द फ्रान्स’ त्यांनी अवघ्या ८ सेकंदांच्या फरकाने जिंकली. त्यांच्याइतकी जिद्द प्रत्येकाकडे असावी असे नाही आणि आपल्याला शर्यतही जिंकायची नाही. सूत्राबद्दल एवढेच लक्षात ठेवावे, की ते पायाची लांबी जाणते, पायाचा इतिहास जाणत नाही. तेथून सुरुवात करावी आणि मग सांधा सांगेल त्याप्रमाणे सीट दोन-तीन मिलिमीटरने वर-खाली करावी.

गुडघ्यासाठी आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे सर्वांत हलका गिअर. पुढील लहान चक्राला ३४ दाते आणि मागील मोठ्या चक्रालाही ३४ दाते असतील, तर चढावर जोर न लावता पाय हलके फिरवत जाता येते. जड गिअर रेटणे गुडघ्याला महाग पडते.

कंबर किंवा मान दुखावलेली असेल, तर निर्णय फ्रेमच्या पातळीवरच घ्यावा लागतो. रोड सायकलींत शर्यतीची आणि लांब पल्ल्याची, असे दोन घाट असतात. लांब पल्ल्याच्या सायकलीला दुकानात ‘एन्ड्युरन्स’ म्हणतात. तिचे हँडल तुलनेने उंच आणि शरीराच्या जवळ असते. कंपनीच्या तक्त्यात ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ हे दोन आकडे दिलेले असतात. स्टॅक म्हणजे फ्रेमच्या पुढच्या भागाची उंची, तर रीच म्हणजे पुढे हात किती लांबवावा लागेल याचे माप. दुखऱ्या कंबरेला आणि मानेला स्टॅक अधिक व रीच कमी हवा. हँडल धरणारा आखूड दांडा, म्हणजे स्टेम, बदलून एक-दोन सेंटिमीटरची सवलत मिळते. त्यापलीकडची चूक मात्र स्टेमने दुरुस्त होत नाही. ‘बसेल हो, सवय होईल’ असे विक्रेता म्हणाला, तरी एक आकडा मोठी फ्रेम सवलतीच्या मोहाने घेऊ नये.

मनगट आणि खांदा यांचे गणित वेगळे आहे. हँडल साधारण खांद्यांच्या रुंदीचे असावे. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने एक मज्जातंतू जातो. त्यावर सतत दाब आला, की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. यावर उपाय म्हणून हँडलावर जाड पट्टी गुंडाळावी, हाताची जागा वारंवार बदलावी आणि सीटचे टोक खाली झुकलेले नाही ना, हे पाहावे. ते झुकलेले असेल, तर शरीर पुढे घसरते आणि सगळा भार हातांवर येतो. पकड कमकुवत असेल, तर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घ्यावेत. ते दोन बोटांच्या दाबानेही काम करतात आणि पावसाळ्यातही भरवशाचे असतात. वाकडे हँडल मनगटाला मानवतच नसेल, तर सरळ हँडलाची हलकी सायकल घेण्यात कमीपणा नाही.

राहिला रस्ता. स्पाइन रोडचा गुळगुळीत पट्टा वेगळा आणि मोशी ओलांडल्यानंतरची खडी, गतिरोधक आणि अवजड वाहनांनी पडलेल्या चाकोऱ्या वेगळ्या. प्रत्येक हादरा टायरमधून फ्रेममध्ये आणि फ्रेममधून मणक्यात जातो. फ्रान्समधील ‘पॅरिस-रूबे’ ही १८९६ पासूनची शर्यत दगडी फरसबंदीवरून जाते. अशा रस्त्यांच्या अनुभवातूनच हादरे शोषणाऱ्या सायकलींचा विकास झाला. त्यातून मिळालेला सर्वांत स्वस्त धडा म्हणजे रुंद टायर. एके काळी २३ मिलिमीटरचे टायर प्रमाण मानले जात. आज २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर सर्रास वापरले जातात आणि त्यांत हवाही थोडी कमी ठेवता येते. आपल्या रस्त्यांसाठी ३२ मिलिमीटरचा टायर मावेल अशीच फ्रेम घ्यावी. महागड्या कार्बन फ्रेमपेक्षा हा बदल कंबरेला लवकर जाणवतो.

प्रत्यक्ष खरेदीच्या दिवशी नेहमीच्या सायकलिंगच्या कपड्यांत आणि बुटांत जावे. दुकानाभोवती एक फेरी पुरेशी नाही. निदान वीस मिनिटे सलग चालवू द्यावी, अशी विनंती करावी, कारण जुनी दुखापत पहिल्या पाच मिनिटांत बोलत नाही. सुरुवातीला साधी सपाट पायडल बरी. घोटा किंवा गुडघा दुखावलेला असेल, तर बूट पायडलला जखडण्याची घाई करू नये. ठरविलेल्या रकमेतील काही भाग तज्ज्ञाकडून बसण्याचे माप करून घेण्यासाठी, योग्य रुंदीच्या सीटसाठी आणि हेल्मेटसाठी राखून ठेवावा. रंग आणि नाव यांचा विचार त्यानंतर करावा.

सायकल घरी आल्यावर पहिले सहा आठवडे संयमाचे. पाळी सुटण्याच्या गर्दीत नाशिक महामार्गावर जाण्याऐवजी पहाटे निगडी-प्राधिकरणातील आतल्या रस्त्यांवर अर्धा तास चालवावी आणि अंतर हळूहळू वाढवावे. स्नायू भरून येणे, ते दुसऱ्या दिवशी ओसरणे, हे नैसर्गिक आहे. परंतु सांध्यावर सूज, रात्रभर टिकणारी वेदना, हातापायांत मुंग्या किंवा पायात उतरणारी कळ ही लक्षणे दिसल्यास सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक वेळी एकच माप बदलावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर कशाने बरे वाटले हे कळत नाही.

वाचकहो, ज्यांची उपजीविका हातापायांवर चालते, त्यांना दुखापतीची भीती वाटणे रास्तच आहे. पण या भीतीपोटी शरीर हलविणेच सोडले, तर सांधा अधिक आखडतो आणि वजन वाढते. सायकलवर शरीराचा बराच भार सीट पेलते, म्हणून चालणे-धावणे जड जाणाऱ्या अनेक गुडघ्यांना ती सोसते. आपले दुखणे दुकानदारापासून लपवू नका. ते नीट सांगा, मोजून घ्या आणि त्या मापाची सायकल मागा.