डोहाळजेवण आणि कागदी कप

वडोदऱ्यातील मराठी घरांत डोहाळजेवणाचा थाट अद्याप टिकून आहे. चहा मात्र आता कागदी कपांतून येतो. या कपांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे राहिल्यास सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात मिसळतात, असे खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाखविले.

न्यू मेक्सिको विद्यापीठाने तपासलेल्या ६२ पैकी प्रत्येक वारेत असे कण आढळले, हे २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पुरुषांच्या वृषणांतही ते सापडल्याचे जाहीर झाले. प्राण्यांवरील प्रयोगांत शुक्राणू घटलेले दिसले. मनुष्याच्या बाबतीत हानी अद्याप निर्विवाद सिद्ध झालेली नाही. म्हणून घाबरून जाऊ नये. पण मूल होण्याविषयीचे सारे पथ्य एकट्या सुनेच्या माथी मारण्याची रीत आता तरी सोडावी.

आयपीसीएलच्या १९६९ मधील स्थापनेपासून प्लॅस्टिकच्या धंद्याने या शहरातील अनेकांना अन्न दिले. त्याला सरसकट शत्रू आम्ही म्हणणार नाही. गरम पदार्थापासून ते दूर असावे, एवढेच आमचे मागणे. पुढच्या डोहाळजेवणाला स्टीलचे पेले काढावेत, आणि ते विसळण्याचे काम घरातील पुरुषांनी आनंदाने घ्यावे.