मोरीची दुरुस्ती आणि महापालिकेची परवानगी

चाळीतली मोरी असो की सोसायटीतला संडास-बाथरूम, काही वर्षांनी लाद्या सुटतात, पाइप गंजतात, खालच्या घरात पाणी उतरू लागते. मग बोनसचे किंवा पतपेढीच्या कर्जाचे पैसे जमवून काम काढले जाते. सिमेंटची गोण दारात पडली की कोणीतरी हटकतो, "परवानगी घेतली का?" घाबरलेले कुटुंब मध्यस्थाच्या हातावर पैसे ठेवते. त्याची पावती कधीच मिळत नाही. कष्टाचा हा पैसा केवळ माहिती नसल्यामुळे जातो. म्हणून मुंबईपुरता तरी कायदा काय आहे, हे आपण समजून घेऊ.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्तीला परवानगीची गरज ठेवलेली नाही. संडास, न्हाणीघर व मोरीची दुरुस्ती, लाद्या बदलणे, गिलावा, रंगकाम, सांडपाण्याचे पाइप, नळ आणि विजेची जोडणी दुरुस्त करणे वा बदलणे, ही कामे त्यात स्पष्टपणे मोडतात.

मात्र त्याच कलमात मर्यादाही घातली आहे. बांधकामाची लांबी-रुंदी-उंची वाढवणे, खांब, तुळई किंवा भार पेलणारी भिंत काढणे वा बदलणे, जमीन खाली घेणे, पोटमाळा घालणे, ही दुरुस्ती नव्हे. खोलीच्या कोपऱ्यात नवा संडास बांधणे किंवा जुन्याची जागा हलवणे हेही वॉर्ड ऑफिसातील इमारत व कारखाने विभागात विचारल्याशिवाय करू नये. विनापरवाना कामावर कलम ३५४-अ खाली काम थांबवण्याची नोटीस येऊ शकते आणि बांधलेले पाडलेही जाते.

ही मर्यादा केवळ कागदाची नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधील चार मजली इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांवरून गुन्हा नोंदवला गेला. खालच्या एका खोलीतला खांब वरच्या सर्व संसारांचा भार पेलत असतो, हे ठेकेदार सांगत नाही. ते आपणच विचारले पाहिजे.

सोसायटीत राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. आदर्श उपविधींप्रमाणे घरात फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी लागते. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक पाइपांची गळती सोसायटीने स्वखर्चाने काढायची असते. आपल्या बाथरूमच्या लादीखालून झिरपणारे पाणी ही आपली जबाबदारी.

काम काढण्यापूर्वी काय बदलणार याची यादी साध्या कागदावर लिहावी. "खांब, तुळई व भिंतींना हात लावणार नाही" असे त्यात नमूद करावे. एक प्रत सोसायटीला किंवा चाळीच्या मालकाला देऊन दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. शंका असल्यास परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवावी. काम सुरू होण्याआधी आणि लादीखालचे पाइप उघडे असताना फोटो काढून ठेवावेत.

ठाणे, पुणे, नागपूर येथे महापालिकांचा कायदा वेगळा आहे. तेथील वाचकांनी आपल्या प्रभाग कार्यालयात लेखी विचारणा करावी.

यापुढे दारात कोणी हटकले तर त्याला कलम आणि पोच दाखवा. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे, हे लेखी मागा. आणि गवंड्याने खांबाला छिन्नी लावली, तर मात्र त्याचा हात तुम्हीच धरा.