‘व्हिंटेज’ शृंगार आणि मुभेचा प्रश्न

१/
थ्रेड. काठापदराची नऊवारी, नाकात नथ, कपाळी चंद्रकोर, अंबाड्यावर गजरा आणि छायाचित्राला मुद्दाम दिलेली पिवळसर छटा. खाली एक ओळ: ‘आजीच्या काळातलं अस्सल सौंदर्य’. याच्या शेजारी आजची ‘ग्लास स्किन’ ठेवली जाते आणि निकाल लागतो की जुने ते अस्सल, नवे ती नक्कल. हा निकाल मला मान्य नाही. त्याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ती आमच्या वऱ्हाडातच आहेत.

२/
पहिला प्रश्न: आजी कुणाची? कपाशीच्या शेतात राबणाऱ्या बाईच्या अंगावर जाडेभरडे लुगडे, हातात काचेच्या बांगड्या, गळ्यात काळे मणी आणि हातावर गोंदण असे. तांड्यावरच्या बंजारा स्त्रीची आरसे जडवलेली काचोळी, केसांतली घुगरी-टोपली आणि दंडापर्यंतचे पांढरे बलिये हा एक स्वतंत्रच शृंगार होता. मेळघाटातल्या कोरकू स्त्रियांचा आणखी वेगळा. या सगळ्याही कुणाच्या तरी आज्याच. ‘व्हिंटेज मराठी लुक’ म्हणून जे फिरते त्यात यांपैकी एकही नाही. एका वर्गाच्या सणासुदीच्या पोशाखाला आपण साऱ्या महाराष्ट्राचा भूतकाळ करून टाकले आहे.

३/
दुसरा प्रश्न: काळ कुठला? नथीचेच पाहा. बुलढाणा जिल्ह्याची हद्द ओलांडली की अजिंठा फार दूर नाही. तिथल्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रांत स्त्रियांच्या केशरचना, कर्णभूषणे, मोत्यांचे सर यांची लयलूट आहे. नाकात मात्र काहीही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभ्यासक प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा शोध घेतला, तेव्हा प्राचीन भारतीय साहित्यात आणि शिल्पांत नाकातला दागिना आढळत नाही, असेच त्यांना दिसले. आज जी परंपरेची खूणगाठ वाटते, तीही एके काळी नवी फॅशनच होती.

४/
मग हे ठरावीक रूप घराघरांत पोहोचले कसे? पहिले उत्तर: छापखान्यातून. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. मूळच्या केरळच्या या चित्रकाराने आपल्या अनेक देवींना आणि नायिकांना नऊवारी नेसवली. त्या रंगीत छापील तसबिरी भिंतीभिंतीवर लागल्या. रोज हात जोडताना सौंदर्याचा एक नमुनाही डोळ्यांत ठसत गेला.

५/
दुसरे उत्तर अधिक गमतीचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी स्त्रीने कसे दिसावे, हे ज्यांनी सर्वाधिक ठरवले ते एक पुरुष होते: नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी, ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी, ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू. त्यांचे साडी नेसणे, गजरा माळणे, दागिने पेलणे यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया करत. सभ्य घरातल्या स्त्रीने रंगमंचावर येणे निषिद्ध, आणि तिने कसे नटावे याचा धडा मात्र रंगमंचावरून! ‘व्हिंटेज’ म्हणून आपण जे मिरवतो त्याचा एक मोठा धागा या विसंगतीत आहे.

६/
आता बडनेऱ्याला येऊ. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला विलक्षण भाव आला आणि त्याच दशकात मुंबई–नागपूर लोहमार्ग इथून गेला. बडनेरा हे अमरावतीचे दार झाले. या दारातून गाठी बाहेर जात आणि गिरणीचे कापड आत येई. कपड्याचा पोत, रंग, किनार या गोष्टी गावच्या विणकराच्या हातून सुटून दूरच्या कारखान्याकडे गेल्या, त्या तेव्हापासून. बाजाराने ठरवलेली फॅशन ही मोबाइलची देणगी नव्हे. आपल्या पणज्यांनीही ती दुकानातूनच आणली.

७/
कपड्यामागून डब्या आणि बाटल्या आल्या. १९१९ मध्ये मुंबईत ई. एस. पाटणवाला यांचा ‘अफगाण स्नो’ निघाला. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. परदेशी प्रसाधनांवर खर्च होणारे चलन वाचावे म्हणून टाटांनी १९५२ मध्ये ‘लॅक्मे’ सुरू केली. नाव फ्रेंच ऑपेऱ्याचे, आणि त्याच्या मुळाशी आपली ‘लक्ष्मी’. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आली आणि उजळपणा ट्यूबमध्ये भरून विकला जाऊ लागला. हे नाव बदलायला २०२० साल उजाडावे लागले.

८/
‘पण त्याआधी तर सगळे घरगुती आणि नैसर्गिक होते ना?’ होते, आणि त्यातले ज्ञान खरोखर कौतुकाचे आहे. हळदीला लिंबू आणि टाकणखाराची जोड देऊन कुंकू करत. हळदीतला पिवळा रंग क्षाराच्या संगतीने लाल होतो, हे रसायन बायकांना हातांनी ठाऊक होते. कपाळाला आधी मेण, त्यावर कुंकू. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या तांब्याच्या ताटलीवरची काजळी म्हणजे काजळ. केसांना शिकेकाई आणि रिठा. हा वारसा जपावा, त्याची कृती लिहून ठेवावी. मात्र घरगुती म्हणजे मुक्त, असे समीकरण मांडता येत नाही.

९/
कारण घरी केलेले हे कुंकू घरातल्या प्रत्येकीला लावता येत नसे. माझ्या मते ‘जुने विरुद्ध नवे’ या वादात हाच मुद्दा हरवतो. जुना शृंगार म्हणजे आवडीनिवडीचा विषय नव्हता. तो एक परवाना होता. नवरा जिवंत तोवर कपाळ लाल, बांगड्या हिरव्या. तो गेला की एका दिवसात सारे उतरायचे. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत तर केससुद्धा.

१०/
हे आजच्या चष्म्यातून केलेले आरोप नव्हेत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. नवरा मेल्यावर बायकोचे केस उतरवायचे, दागिने काढून घ्यायचे, तिला शुभकार्यातून दूर ठेवायचे. आणि बायको मेल्यावर पुरुषाने काय सोडायचे? वऱ्हाडातल्या या बाईने तो जाब थेट विचारला. आज आपण ज्याला ‘एस्थेटिक’ म्हणतो, त्या काळातच जगणारी एक स्त्री त्याचा हिशेब मागत होती. तिचे पुस्तक न वाचता तिच्या काळाचा पोशाख करणे हा अर्धा इतिहास झाला.

११/
१८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार तिथे झाला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवण्याची भाषा केली. सौंदर्याच्या इतिहासात प्रसाधनांच्या जाहिराती जरूर असाव्यात. पण ही सभाही त्याच इतिहासाचे पान आहे. १९३७ मध्ये प्रभातने म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीच्या बंडावर चित्रपट काढला तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘कुंकू’. हा लाल ठिपका कशाकशाचे ओझे वाहतो, हे प्रेक्षकांना वेगळे सांगावे लागले नाही.

१२/
दुसरा परवाना जातीचा. लुगडे कुठवर नेसायचे, दागिना कोणत्या धातूचा घालायचा, यावरून माणसाची जात दुरून ओळखू यावी अशी व्यवस्था होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना स्वतंत्रपणे सांगितले: लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, गळ्यातले आणि हातांतले कथलाचे, चांदीचे ओझे उतरवा, कपडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवा. अनेक स्त्रियांनी नेसण्याची पद्धत लगेच बदलली.

१३/
यावर क्षणभर थांबूया. तेच दागिने आज ‘ट्रायबल सिल्व्हर’ किंवा ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून महाविद्यालयीन मुली हौसेने घालतात. ज्या स्त्रियांनी ते उतरवले त्यांच्या दृष्टीने ती परंपरेची हानी नव्हती. अंगावर कोरलेला पत्ता पुसणे होते. एकच वस्तू एकीसाठी फॅशन आणि दुसरीसाठी बेडी असू शकते. फरक धातूत नसतो. तो उतरवून ठेवायची मुभा आहे की नाही, यात असतो.

१४/
अमरावतीचा संबंध इथेही आहे. महाडच्या त्या परिषदेच्या महिनाभर आधी, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. आणि २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय महिला परिषद झाली, तिच्या अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो स्त्रिया जमल्या. घटस्फोटाचा हक्क हवा आणि बहुपत्नीत्वाला बंदी हवी, असे ठराव झाले. त्या दिवशीचे स्वच्छ, नीटनेटके लुगडे हाही एक पोशाख होता. ‘व्हिंटेज’ संग्रहात तो मला कधी दिसला नाही.

१५/
या व्यवस्थेत स्त्रियांनी स्वतःची जागा कुठेच केली नाही का? केली, आणि तिचे उत्तम उदाहरण म्हणजे गोंदण. सोने परवडत नाही म्हणून नव्हे केवळ. चोर नेत नाही, सावकार ठेवून घेत नाही, नवरा मेल्यावर कुणी उतरवू शकत नाही आणि मेल्यावरही सोबत येते, अशी त्यामागची समजूत. कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवट ठिपके. ज्या समाजात बाईच्या अंगावरची प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या मालकीची होती, तिथे कातडीत टोचून घेतलेला दागिना तेवढा तिचा राहिला. तिथेही जातीचे नियम होतेच, तरीही.

१६/
आता आजच्याकडे वळू. आजचा बाजार परवाना मागत नाही, हे खरे. बडनेऱ्याची मुलगी लिपस्टिक घेताना तिला तिची जात किंवा नवरा विचारला जात नाही. ही लहान गोष्ट नव्हे. पण बाजार चेहरा एकच देतो. फिल्टर नाक अरुंद करतो, रंग उजळवतो, जबडा घडवतो. आणि हेही नवे नाही: जुन्या स्टुडिओतला छायाचित्रकार काचेवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करून देई. मागचा पडदा रंगवलेला असे आणि अंगावरचे दागिने कधीकधी उसने. तुमच्या अल्बममधला तो ‘अस्सल’ फोटोही फिल्टर लावलेलाच असू शकतो.

१७/
‘ग्लास स्किन’ ही कोरियाच्या हवेतली कल्पना. अमरावती-अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे चेहऱ्यावर चकाकणारी गोष्ट घाम असते. इथल्या मुलींची खरी, कुणीही न शिकवलेली शैली पाहायची तर दुपारी एक वाजता रस्त्यावर उभे राहा. स्कूटीवर बसलेली, सुती स्कार्फ डोक्याभोवती आणि चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेली, वर गॉगल, हातांत लांब मोजे. रंग जुळवून घेतलेले, गाठ प्रत्येकीची वेगळी. पन्नास वर्षांनी कुणी ‘विदर्भ, २०२० चे दशक’ असा पोशाख करायला घेतला तर हाच करावा लागेल.

१८/
‘मग नऊवारी नेसून फोटो काढायचाच नाही का?’ जरूर काढा. हौसेवर कुणी पहारा बसवावा असे मी म्हणत नाही. तो पहारा तर जुन्या व्यवस्थेचाच होता. माझे म्हणणे एवढेच की ‘अस्सल’ हा शब्द जपून वापरावा. कालची नऊवारी आणि आजचा फाउंडेशन यांत श्रेष्ठ कोण, हा वाद पोकळ आहे. दोन्हीकडे कुणीतरी आपल्यासाठी ठरवून ठेवलेले असते. विचारायचा प्रश्न वेगळा: हे घालायची आणि न घालायची मुभा कुणाला होती, कुणाला आहे?

१९/
हा प्रश्न संग्रहालयात जमा झालेला नाही. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की पती गेल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ताराबाईंच्या पुस्तकानंतर १४० वर्षांनी एका गावाला हे कागदावर लिहावे लागले. चंद्रकोर लावलेला प्रत्येक फोटो या ठरावाच्या शेजारी ठेवून पाहावा.

२०/
आपल्या आज्यांकडून नक्कल करण्याजोगे खूप आहे; पण वारसा म्हणून घ्यायचे असेल तर मी त्यांचा पेहराव नव्हे, त्यांनी ओढून मिळवलेली मुभा घेईन. ताराबाईंचा जाब, सुलोचनाबाईंचे अध्यक्षपद, गोंदणाचा हट्ट.
घरी जुना फोटो असेल तर त्यावर फिल्टर लावण्याआधी मोठ्यांना चार गोष्टी विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: साल कुठले, दागिने कुणाचे, साडी कुठून आणली आणि फोटोच्या दिवशी घरातली कोणती बाई मागच्या खोलीत होती. चौथ्या प्रश्नाला बहुधा वेळ लागेल. उत्तर मिळाले तर इथे जरूर सांगा.
(समाप्त)