स्कूटरला रेडिओ बसवताना

सोलापुरात विजापूर वेशीपासून नवी पेठेकडे पायी निघा. वाटेत दोन-चार तरी स्कूटर अशा भेटतात की गाणे आधी पोहोचते आणि गाडी मागाहून येते. गुडघ्यापाशी दोन गोल स्पीकर, हँडलखाली निळा दिवा लुकलुकणारा सेट आणि वर बसलेला स्वार असा की जणू वरातच निघाली आहे. आमच्या वर्गातली मुले याला ‘सिस्टीम’ म्हणतात. ‘सर, चाचांनी गाडीला सिस्टीम लावली,’ हे ईदच्या कपड्यांइतक्याच कौतुकाने सांगितले जाते.

आम्ही या प्रकाराकडे आजवर मास्तरकीच्या चष्म्यातूनच पाहत आलो. पण यंदा हा विषय आमच्याच घरात आला, आणि तोही करमणुकीसाठी नव्हे, रोजीसाठी.

आमचे दुल्हाभाई पहाटे बेकरीतून माल उचलतात आणि स्कूटरवर गल्लोगल्ली पाव, खारी, टोस्ट विकतात. या धंद्यात दुकान नाही, पाटी नाही. हाक हेच सगळे. मागच्या वर्षी त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह, पण आवाज पुरता परत आला नाही. आता ते कुजबुजल्यासारखे बोलतात. पहिल्या महिन्यात निम्मे पाव बेकरीत परत गेले. मग आपाचा फोन आला, “गाडीपर स्पीकर लगाना है. तुम सायन्स पढाते ना, जरा आके देखो.” मागून भाच्याचा आवाज, “मामू, रेडिओवाला लेंगे. गाने भी बजेंगे!”

म्हणजे सेट एक, आणि त्याच्याकडून बापाला हवी हाक, लेकाला हवी गाणी.

मोटारीत रेडिओ बसवण्याची हौस नवी नाही. 1930 साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटारीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ नाव दिले. पुढे कंपनीच त्या नावाने ओळखली गेली. त्या वेळीही चालकाचे लक्ष उडेल म्हणून काही ठिकाणी बंदीची भाषा झाली होती. आमच्या अब्बांच्या जुन्या स्कूटरला तर बॅटरीच नव्हती. दिवा इंजिनाच्या मॅग्नेटोवर जळायचा आणि गाडी हळू झाली की मिणमिणायचा. क्रिकेटच्या दिवसांत ते कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर हँडलला अडकवत. किक मारली की कॉमेंट्री जाऊन नुसती खरखर उरे, कारण स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी स्वतःच एक छोटे प्रक्षेपण करते आणि मीडियम वेव्हच्या रेडिओला ते ऐकू येते. एफएमवर ठिणगीचा त्रास बराच कमी. शहरात आकाशवाणीचे सोलापूर केंद्र 103.4 मेगाहर्ट्झवर स्वच्छ लागते. या लहरीची लांबी सुमारे 2.9 मीटर, म्हणून एरियलची तार तिच्या चौथ्या हिश्शाची, साधारण 72 सेंटिमीटर ठेवावी. बहुतेक कारागीर ही तार गुंडाळून पत्र्यामागे कोंबतात आणि मग स्टेशन पकडत नाही म्हणून सेटला दोष देतात.

खरा प्रश्न बॅटरीचा. आजच्या स्कूटरची बॅटरी 12 व्होल्टची असते, पण अगदी लहान, चार-पाच अँपिअर-अवरची. वीस वॅट ओढणारा सेट म्हणजे जवळजवळ पावणेदोन अँपिअर. गाडी चालू असेल तर इंजिन बॅटरी भरत राहते. पण फेरीवाला गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून उभा राहतो आणि स्पीकर चालूच ठेवतो. अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी इतकी उतरते की सेल्फ नुसता टकटक करतो. पाठीमागे पावांचे क्रेट आणि पुढे किक मारणारा नुकताच आजारातून उठलेला माणूस, हे चित्र आम्हाला नको होते. म्हणून सेट मोठा घेतलाच नाही.

वायरिंग करणाऱ्या मुलाजवळ आम्ही दोन तास बसून होतो. तो हुशार होता, पण घाईचा. त्याला हेडलाइटच्या वायरीला टाचणी लावल्यासारखे जोड मारून मोकळे व्हायचे होते. तसे केले की दिवा मंद होतो, जोड तापतो, आणि बहुतेक स्कूटरमध्ये पेट्रोलची टाकी जवळच सीटखाली असते. आम्ही बॅटरीपासून वेगळी वायर घ्यायला लावली, बॅटरीच्या अगदी शेजारी पाच अँपिअरचा फ्यूज बसवला आणि मधे रिले घातला, म्हणजे चावी काढली की सेटही बंद. जोड झाळून घेतले, त्यावर स्लीव्ह चढवली. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. वायर ताणली जात होती, ती वीतभर सैल केली. एवढ्या एका तपासणीसाठीही आम्ही गेलो हे बरे झाले. वळणावर हँडल अडकले तर पाव-खारीचा हिशोब बाजूलाच राहतो. स्पीकर कागदी पडद्याऐवजी प्लास्टिकच्या पडद्याचे घेतले, पावसासाठी. सेट डिकीत ठेवू दिला नाही, कारण खाली इंजिनाची धग आणि वर सोलापूरचा मे महिना.

दोन स्पीकर लावल्यावर आवाज पातळ, पत्र्यासारखा येऊ लागला. मुलगा म्हणाला, सेट हलका आहे. आम्ही एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट केल्या आणि आवाज भरला. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जात होता, दोघे एकमेकांना खोडत होते. भाच्याने तेवढ्यापुरते आम्हाला उस्ताद मानले.

मग भाच्याने भोंगा मागितला. लांबवर ऐकू जाणारा, रेकॉर्डिंगचा. इथे आम्ही अडलो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सांगतात की लेखी परवानगीशिवाय ध्वनिवर्धक वापरता येत नाही. रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. आपण समोरासमोर बोलतो तो आवाजच साठच्या आसपास असतो, यावरून अंदाज यावा. पण नियम बाजूला ठेवले तरी दुल्हाभाईंची फेरी कुठून जाते ते पाहा. एका घरात यंत्रमागावरची रात्रपाळी करून आलेला माणूस नुकताच पडलेला असतो. दुसऱ्या घरात बाळंतीण आहे. तिसऱ्या घरात दहावीची मुलगी पहाटेचा अभ्यास करते. ती आमचीच विद्यार्थिनी. वीस वर्षे ही घरे त्यांच्याकडून पाव घेतात. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या घरांत मुलांना पुष्कळ शिकवले जाते, भोंगा विकत घेतानाच ते नेमके आठवत नाही. भोंगा घेतला नाही. परवानगीचा अर्ज आम्ही लिहून दिला, तो कागद आता डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत असतो.

हाक भाच्याने आपल्या आवाजात भरली. खणखणीत, जाहिरातीसारखी. आठ दिवस झाले, विक्री तिथेच. एका खालांनी सांगितले तेव्हा उलगडा झाला: त्यांना वाटले कुणी नवा पाववाला फिरतो आहे, आपला येईल म्हणून त्या थांबून राहत. गिऱ्हाईक पावाला नाही, आवाजाला ओळखत होते.

जुना आवाज आणायचा कुठून? आपाला सुचले. दुल्हाभाई रोज रात्री बेकरीला दुसऱ्या दिवसाची मागणी मोबाइलवर बोलून पाठवत. ‘चाळीस लादी पाव, दोन डबे खारी, टोस्ट कडक देना.’ शस्त्रक्रियेआधीचे असे कितीतरी निरोप फोनमध्ये पडून होते. भाच्याने बसून त्यातून एक ‘पाव’, एक ‘खारी’, एक ‘टोस्ट’ वेचले आणि जोडले. ती हाक नाही, हिशोबाच्या सुरातले बोलणे आहे. घरात पहिल्यांदा वाजवले तेव्हा आपा उठून स्वयंपाकघरात गेली. दुल्हाभाई मात्र दोनदा ऐकून म्हणाले, “टोस्ट जरा पहले लो.”

दुसऱ्या दिवशी त्या खाला बाहेर आल्या.

आता गल्लीच्या तोंडाशी ती हाक दोनदा वाजते, मग सेट बंद. रात्रपाळीवाल्याच्या घरासमोर तेही नाही. तिथे दारात पिशवी अडकवलेली असते. परतीच्या वाटेवर सेटवर पुणे केंद्राच्या 7 वाजून 10 मिनिटांच्या बातम्या लागतात, हळू, मागच्या बसचा हॉर्न ऐकू येईल इतक्या. संध्याकाळी स्कूटर भाच्याकडे असते. सेट आम्ही मुद्दाम फिरवायच्या बटणाचा घेतला होता. त्या बटणाच्या कडेला आपाने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे, त्यापुढे न्यायचे नाही. भाच्याचे म्हणणे आहे की त्या ठिपक्यावर सात रस्त्याला गाण्याचा एक शब्द कळत नाही, आणि या बाबतीत त्याने आमच्याकडे रीतसर अपील केले आहे.